शनिवारी रात्री काय लावायचं?

वाचकाचं पत्र:

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. घरात पाच जण: मी, नवरा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. चार ॲप्सचे पैसे भरतो, तरी शनिवारी जेवणं उरकली की काय लावायचं यातच पाऊण तास जातो. ट्रेलर बघून बघून सगळे कंटाळतात आणि शेवटी नवऱ्याच्या आवडीची पोलीस-तपासाची एखादी सिरीज लागते. मुलगा मधेच उठून मोबाइल घेतो. मुलगी खोलीत जाऊन तिच्या कोरियन मालिका बघते. सासूबाई ‘चालू द्या तुमचं’ म्हणत आत जातात. मला वेगवेगळ्या प्रकारचं, वेगवेगळ्या भाषांतलं बघायची हौस आहे. सगळ्यांना आवडेल असं काही सुचवाल का? सासूबाईंची रोजच्या मालिकांची सवय मोडावी का? आणि चारपैकी कुठलं ॲप बंद करू?

प्रिय ताई,

‘सगळ्यांना आवडेल असं काही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण माझ्या मते अडचण तिथेच आहे. नऊ वर्षांच्या मुलापासून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींपर्यंत पाच जणांना एकाच वेळी आवडेल असं शोधायला बसलं की प्रत्येकाच्या आवडीतलं जे खास असतं तेच आधी गळतं. आजींचा जुना सिनेमा मुलाला संथ वाटेल म्हणून नको, मुलीचं कोरियन आजींना कळणार नाही म्हणून नको, तुमचं परभाषेतलं कुणी बघणार नाही म्हणून तुम्हीच नाव घेत नाही. असं गाळत गाळत जे उरतं ते ओळखीचं असतं, म्हणून लागतं. त्यात तुमच्या मिस्टरांचा फारसा दोष नाही. रात्री साडेनऊला दमलेल्या माणसांच्या हातात रिमोट दिला तर बहुतेक घरांत हेच होईल.

तेव्हा सगळ्यांना आवडणारं शोधणं सोडून द्या आणि पाळी लावा. एका शनिवारी एकाने निवडायचं, बाकीच्यांनी बसायचं. पाच माणसांच्या आवडी तुमच्या घरात आधीच आहेत, त्यांना पाळीपाळीने पडदा मिळाला की तुम्हाला हवी असलेली विविधता येईल. नाव गुरुवारपर्यंत सांगून टाकायचं, म्हणजे ते कुठल्या ॲपवर आहे, किती लांबीचं आहे, मुलाला चालेल का, हे सगळं आधीच बघून होतं. शनिवारी फक्त लावायचं. सिनेमा साधारण दीड तासाचा असावा, कारण चौथीतलं मूल रात्री त्याहून जास्त वेळ टिकत नाही. पहिला अर्धा तास कुणी उठायचं नाही आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचे, मोठ्यांचेसुद्धा. अर्ध्या तासानंतर ज्याला खरंच जमत नाही त्याने खुशाल उठावं, त्यावर टोमणे नकोत.

यात एका गोष्टीचा मी आग्रह धरेन. पाळी चौथीतल्या मुलाची असेल तेव्हाही मान पूर्ण द्या. त्याने निवडलेल्या कार्टूनपटाला बाबा पेपर उघडून बसले तर पुढच्या आठवड्यात बाबांच्या सिनेमाला तो का बसेल? मुलं हे बरोबर हेरतात.

आता निवडायचं कसं. माझा अनुभव असा की आवड बदलायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रकार तोच ठेवून भाषा बदला, किंवा भाषा तीच ठेवून काळ बदला. सगळंच एकदम बदललं तर माणूस बिचकतो आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून मोकळा होतो.

तुमच्या मिस्टरांपासून सुरुवात करू, कारण त्यांची आवड अगदी स्पष्ट आहे आणि तिच्यातून बाहेर जायला भरपूर वाटा आहेत. त्यांना तपास आवडतो ना? मग मराठीतच राहून साठ वर्षं मागे जा. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) लावा. रहस्य आहे, कोर्ट आहे, आणि याच सिनेमावरून पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) झाला, त्यामुळे आजींनाही त्यात बोलायला जागा आहे. त्यानंतर ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६). तो ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) या अमेरिकन सिनेमाचा हिंदी अवतार, दिग्दर्शक बासू चटर्जी. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे, बारा पंच एका खोलीत बसलेत, अकरा जण ‘दोषी’ म्हणतात आणि एकटा म्हणतो, जरा बोलू या. पाठलाग नाही, गोळीबार नाही, खोलीबाहेर जाणं जवळजवळ नाहीच. मूळ सिनेमात एक क्षण आहे. खुनातला चाकू असा दुसरा मिळणारच नाही असं सगळे म्हणत असताना तो एकटा पंच खिशातून तसाच चाकू काढतो आणि टेबलात रोवतो. खोलीतली माणसं गप्प होतात. तपासकथेची आवड असलेल्या माणसाला या एका क्षणात कळतं की तपास नुसत्या बोलण्यातूनही होऊ शकतो. आधी हिंदी बघा, महिन्या-दोन महिन्यांनी मूळ इंग्रजी बघा. तो साधारण दीड तासाचाच आहे, आणि गोष्ट माहीत असल्यामुळे सबटायटल्सकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

बासू चटर्जींचीच ‘ब्योमकेश बक्शी’ ही दूरदर्शनची १९९३ सालची मालिका आजही बघायला मजा येते. तीत खून आहेत, पण रक्ताचा भडिमार नाही. आजी, मुलगी आणि बाबा तिघं मिळून बघू शकतील अशी तपासमालिका मला दुसरी पटकन आठवत नाही. आणि मुलालाही गुप्तहेर हवा असेल तर सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ (१९७४). बंगाली आहे, मागचा जन्म आठवणारा एक लहान मुलगा आहे, त्याच्या मागावर लबाड माणसं आहेत, आणि आगगाडीने, उंटांवरून राजस्थानात जैसलमेरच्या किल्ल्यापर्यंतचा प्रवास आहे. अशा रीतीने पोलीस-खून-तपासाच्या दारातूनच तुमच्या घरात जुनं मराठी, हिंदी, इंग्रजी आणि बंगाली येतं. तुमच्या मिस्टरांना आवड सोडावी लागत नाही.

आता मुलीचं. तिच्या कोरियन मालिकांबद्दल तुमच्या पत्रात थोडी काळजी दिसली. मला त्यात आशा दिसते. नववीतली मुलगी रोज परक्या भाषेतलं ऐकते, सबटायटल्स वाचते, दुसऱ्या देशातलं घर, जेवण, मोठ्यांशी बोलण्याच्या रीती बघते. तुम्हाला हवी असलेली विविधता तिने स्वतःच शोधली आहे, फक्त ती खोलीत बंद आहे. तिच्या पाळीला तिला विचारा की आजींना बघता येईल असं कोरियन काय आहे. तिला सुचलं नाही तर ‘द वे होम’ (२००२) शोधायला सांगा.

या सिनेमावर मी थोडी रेंगाळते, कारण तुमच्या घरासाठी तो फार योग्य आहे. शहरातली एक आई आपल्या मुलाला काही दिवसांसाठी खेड्यात त्याच्या आजीकडे सोडून जाते. आजी पाठीतून पार वाकलेली, आणि तिला बोलता येत नाही. मुलगा हातातल्या व्हिडिओ गेममध्ये गुंग, बॅटरी संपली की चिडचिड, आजीला वाट्टेल तसं बोलणारा. एक दिवस तो तिला सांगतो की मला तळलेलं चिकन हवं, शहरात दुकानात मिळतं तसं. हातवारे करून, कोंबडीसारखे आवाज काढून समजावतो. म्हातारी पावसात भिजत जाते, कोंबडी घेऊन येते आणि तिला जशी येते तशी पाण्यात उकडून त्याच्यापुढे ठेवते. पोरगा भोकाड पसरतो, हे नको म्हणून भांडं लोटतो. रात्री सगळं शांत झाल्यावर भूक लागते तेव्हा उठून तेच खातो. दिग्दर्शिका ली जंग-ह्यांग या प्रसंगात कुणाला काही शिकवायला जात नाहीत. आजीचं काम करणारी बाई अभिनेत्री नव्हती, खेड्यातलीच होती. संवाद इतके थोडे आहेत की सबटायटल्सची अडचण तुमच्या सासूबाईंना जाणवणारही नाही. सिनेमा दीड तासाच्या आत संपतो. नातीने आजीला स्वतःच्या आवडीच्या देशातला सिनेमा दाखवावा आणि त्यात आजीच नायिका असावी, असा योग सोडू नका.

सबटायटल्सचा प्रश्न मात्र खरा आहे. परभाषेतले सिनेमे बरेचदा इंग्रजी सबटायटल्सबरोबरच येतात. आजींना ते वाचणं जड, आणि चौथीतल्या मुलाचा वाचण्याचा वेग अजून कमी. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कमी बोलणारे सिनेमे. चॅप्लिनचा ‘द किड’ (१९२१) तासाभराचा आहे आणि मूक आहे. त्यात लहान पोर पुढे जाऊन दगडाने खिडकीची काच फोडतं आणि पाठोपाठ चॅप्लिन पाठीवर काचा घेऊन ‘काच बसवायची का?’ अशा थाटात येतो. बाजूला पोलीस. तुमचा मुलगा इथे खदखदून हसेल आणि आजीसुद्धा. शंभर वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा, बिनआवाजाचा सिनेमा म्हणजे मुलं पळणार अशी मोठ्यांची समजूत असते. एकदा लावून बघा.

दुसरा उपाय वाचून दाखवण्याचा. मुलीने पहिली दहा-पंधरा मिनिटं सबटायटल्सचं मराठी करून मोठ्याने सांगावं. पात्रं कोण, नाती काय, हे कळलं की पुढे बरंचसं चेहऱ्यांवरून समजतं. माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) या पद्धतीने बघा. इराणमधला भाऊ बहिणीचे बूट हरवतो. घरात पैसे नाहीत म्हणून दोघं भावाच्या एकाच जोडीवर शाळा भागवतात. तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. ती शाळा सुटली की गल्ल्यांतून धावत येते, आडोशाला बूट बदलतात आणि मग तो धावतो. हे कळायला भाषा किती लागते? तुमचा मुलगा कुठलीही शर्यत बघतो त्याहून जास्त जीव मुठीत धरून शेवटची शर्यत बघेल.

आजींच्या पाळीला त्यांना यादी देऊ नका. त्यांना विचारा की लग्नाआधी किंवा लग्नानंतर थिएटरात जाऊन कुठला सिनेमा बघितला होता. ‘पिंजरा’ (१९७२) म्हणतील, ‘सामना’ म्हणतील, ‘जैत रे जैत’ (१९७७) म्हणतील. शेवटचं नाव निघालं तर फारच छान, कारण ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत नववीतल्या मुलीलाही बांधून ठेवतं. त्याही मागे जायचं असेल तर ‘प्रभात’ आहे. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे ती प्रभातच्या स्टुडिओची जागा. मुलांना हे आधी सांगा. आपण ज्या रस्त्यावरून जातो तिथे उभं राहून कुणीतरी ‘संत तुकाराम’ (१९३६) केला आणि तो दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे पुण्यातल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पांडुरंगावरच भडकणारी जिजाई बघताना तुमच्या मुलीला कळेल की नव्वद वर्षांपूर्वीच्या मराठी सिनेमातली बायको किती जिवंत होती. ‘शेजारी’ (१९४१) हाही तसाच, दोन म्हाताऱ्या दोस्तांचा आणि त्यांच्या दुरावण्याचा. आजच्या काळात मुलांबरोबर बघण्यासारखा.

तुमच्या स्वतःच्या पाळीला मात्र दुसऱ्यांची सोय बघू नका. पत्रावरून वाटतं की घरात सगळ्यांसाठी शोधणाऱ्या तुम्हीच, आणि स्वतःचं नाव शेवटपर्यंत न घेणाऱ्याही तुम्हीच. नावं कुठून काढायची असं वाटत असेल तर दर वर्षी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. त्यातल्या सिनेमांची नावं एका वहीत उतरवून ठेवा. निवडणाऱ्यांनी जगभरचं बघून ती काढलेली असतात, आणि त्यातले काही पुढे ॲप्सवर येतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे सिनेमे नसतील बघितले तर ‘दोघी’ (१९९५) किंवा ‘कासव’ (२०१६) घ्या. पुण्यातच राहून त्यांनी मनाच्या दुखण्यांवर, बायकांच्या आयुष्यावर इतकं शांतपणे काम केलं. हे मात्र मुलगा झोपल्यावर बघा, त्याच्यासाठी नाहीत.

आठवड्यातल्या इतर दिवशी सिनेमा काढू नका. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीतून घरी पोचायलाच आठ वाजत असतील. जेवताना वीस-बावीस मिनिटांचं काही हवं असेल तर शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ (१९८७) आहे. बहुतेक गोष्टी एका भागात संपतात, उद्याची टांगती उत्सुकता राहत नाही. माहितीपटांनाही आठवड्यातलीच वेळ द्या. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ (२०२२) चाळीसेक मिनिटांचा आहे, तमिळ आहे, आणि मुदुमलाईतल्या बोम्मन-बेल्ली या जोडप्याने अनाथ हत्तीच्या पिल्लाला कसं वाढवलं ते त्यात आहे. लांबच्या लांब सिरीज घरात एका वेळी एकच चालू ठेवा, आणि सुरू करण्याआधी ती किती भागांत संपते ते बघा.

ॲप्स आपल्याला तेच ते का दाखवतात, हेही सांगते. तुम्ही सगळे एकाच प्रोफाइलवर बघत असाल असा माझा अंदाज आहे. काल जे बघितलं त्यासारखंच आज वर येतं. त्यामुळे मिस्टरांच्या तीन सिरीज झाल्या की सगळ्या घराला खूनच दिसणार. प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा, आणि आजींचं मुलीच्या हातून करून घ्या. नेटफ्लिक्सवर एका खात्यात पाच प्रोफाइल होतात. तिथे सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करता येतं, ते आजच करा. भाग संपल्यावर पडदा थांबला तर माणूस स्वतः ठरवतो, नाहीतर ॲप ठरवतं. कुठला सिनेमा कुठे आहे हे शोधायला जस्टवॉच ही साइट उपयोगी पडते. जुने मराठी सिनेमे यूट्यूबवर शोधताना मात्र अधिकृत चॅनल बघा, तिथली प्रत बरी असते.

मुलांच्या वयाबद्दल एवढंच की २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा खुणा असतात, आणि शेजारी हिंसा, भाषा वगैरे कारणही लिहिलेलं असतं. सगळे बसणार असतील तर चौथीतल्या मुलाचं वय धरून निवडा. १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना कुलूप लावायची सोय ॲप्सना द्यावी लागते, ती वापरा. आकडा बघून भागत नाही मात्र. सासूबाई शेजारी बसल्यावर अचानक एखादं दृश्य आलं आणि सगळेच अवघडले, हे आपल्या घरांत होतं. म्हणून परभाषेतला सिनेमा असेल तर गुरुवारी त्याबद्दल थोडं वाचून ठेवा. आणि सिनेमा संपल्यावर मुलाला ‘काय शिकलास?’ विचारू नका. त्याला बोलायचं असेल तर तो दुसऱ्या दिवशी डबा भरताना आपणहून बोलेल.

सासूबाईंच्या रोजच्या मालिका? अजिबात हात लावू नका. दिवसभर एकट्या असलेल्या माणसाला संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटतात, त्यातल्या गोष्टी शेजारच्या मैत्रिणीशी बोलता येतात, हे त्यांच्यासाठी मोठं आहे. उलट एखाद्या दिवशी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा आणि कोण कुणाची कोण ते विचारा. त्या मग शनिवारी ‘चालू द्या तुमचं’ म्हणून आत जायच्या आधी थांबतील.

राहता राहिलं ॲप बंद करण्याचं. आधी मोबाइलच्या रिचार्जमध्ये किंवा ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये कुठलं ॲप आधीच मिळतंय ते तपासा. बऱ्याच घरांत एकाच ॲपचे पैसे दोनदा जातात. उरलेल्यांपैकी एकच चालू ठेवा, आणि बाकीच्यांचं ऑटो-पे काढून टाका. तुमच्या वहीतली चार-पाच नावं एखाद्या ॲपवर जमली की त्याचा महिनाभराचा प्लॅन घ्या, ती बघा आणि बंद करा. कुठलं ठेवायचं हे मी इथून सांगण्यापेक्षा पहिल्या पाच शनिवारची नावं लिहून झाली की ती कुठे मिळतात ते बघा. बहुतेक तिथेच उत्तर मिळेल. पहिली पाळी कुणाची ते मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे भांडण नको.